खरसे मास्तरांची दुसरी

खरसे मास्तर माझ्या छापखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्यावरच थांबले, मागं वळले आणि रिकाम्या गल्लीला म्हणाले, "चला रे, आत या. वहाणा बाहेर. कशाला हात लावायचा नाही. इथं शाई असते, कपडे खराब होतील."

मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसलो होतो. मान वाकडी करून त्यांच्या पाठीमागं पाहिलं. भर दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या भुसारवाल्याच्या ओट्यावर एक कुत्रं झोपलं होतं, तेवढंच. मास्तर दाराच्या एका अंगाला सरकून उभे राहिले, पोरांची रांग आत सोडताना मास्तर उभा राहतो तसे, आणि हवेत बोट नाचवत मोजू लागले. सतरापर्यंत मोजून झालं. मग आत आले, टोपी काढली आणि अगदी चारचौघांसारखं म्हणाले, "नमस्कार. पुस्तक छापायचंय. लहान पोरांचं आहे. जरा गमतीचं."

आमचं बिऱ्हाड छापखान्याच्या मागंच होतं. बायकोनं पडद्याआडून सगळं पाहिलं होतं. ती तांब्या आणि एक पेला घेऊन आली, इकडं तिकडं बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "पाणी... किती जणांना आणू?"

मास्तरांनी पेला घेतला. "मला एकट्याला पुरे, वहिनी. त्यांनी स्टँडवर प्यायलंय."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "माणूस वेडा आहे का हो?" मी म्हटलं, "असेल. पण अक्षर फार सुरेख आहे." छापखानेवाल्याला एवढं पुरतं.

स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील. बारामतीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं एक पायानं हाणायचं ट्रेडल यंत्र होतं. लग्नपत्रिका, आडत्यांची पावतीपुस्तकं, गावोगावच्या जत्रांची हँडबिलं हे माझं पोट. खरसे मास्तर इंदापूर तालुक्यात, कळंबच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत शिकवत. पन्नाशीकडं झुकलेला किडकिडीत माणूस, लग्न केलेलं नाही, मिशा अर्ध्या पांढऱ्या. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की एसटीनं बारामतीला येत. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलांसाठी ते बारकी बारकी पुस्तकं लिहीत. सगळी एकाच वर्गाची. एका खेड्यातली शाळा, दुसरी इयत्ता, आणि तिथल्या पोरांचे उद्योग.

मुलांसाठी म्हणून अक्षरं मोठी हवीत हा त्यांचा हट्ट. माझ्याकडं मोठ्या टाइपातले 'ळ' फक्त अकरा. आणि पुस्तक शाळेचं! पानभर शाळा, फळा, वेळ, खेळ, गोंधळ. पाचव्या ओळीलाच 'ळ' संपायचे. मी सांगितलं की मास्तर पेन्सिल कानामागून काढत आणि म्हणत, "मग या पानावर शाळेला सुट्टी देऊ." आणि खरोखरच तिथल्या तिथं पोरांना ओढ्यावर पाठवून देत. 'ओढ्या'त 'ळ' नाही.

जोडाक्षरांचंही तसंच. एका पानावर पाचाच्या वर जोडाक्षर चालायचं नाही. "पोरगं पळत सुटलेलं असतं, रघुनाथराव. मधेच जोडाक्षर आलं की ठेच लागते." एकदा 'मुख्याध्यापक' हा शब्द काढून त्यांनी 'मोठे मास्तर' केला, आणि वर माझ्याकडं बघून म्हणाले, "त्या शब्दात दोन ठेचा आणि एक खड्डा होता."

पुस्तकं मात्र अशी की जुळवताना माझा हात थांबायचा. त्यांच्या वर्गात बाळ्या होता. त्याचं सात या आकड्याशी भांडण होतं, म्हणून तो सहानंतर थेट आठ म्हणायचा. चंदू होता, तो रोज शाळा सुटतानाच यायचा आणि सगळ्यांबरोबर मजेत घरी जायचा. गंग्याच्या खिशात कायम हिरवी मिरची. गणिताचा तास आला की तो मिरची चावायचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मास्तरांना वाटायचं पोराला आधीच पश्चात्ताप झालाय, आता मारायला नको. एकदा तपासनीस आले आणि हजेरी कमी भरली, तेव्हा पोरांनी शेळीला टोपी घालून मागच्या रांगेत बसवलं. तपासनिसांनी तिला सात चोक किती विचारलं. ती म्हणाली, "में." तपासनिसांनी शेरा लिहिला, 'उत्तर चूक. आवाज खणखणीत.'

अशी पुस्तकं. आणि लिहिणारा माणूस असा की तो बसला असताना छापखान्यात थंडी वाजावी.

म्हणजे बघा. एकदा 'गंग्या' हे नाव फार वेळा येत होतं आणि 'ग' संपत आले होते. मी म्हटलं, "मास्तर, दोन ठिकाणी 'तो' केलं तर?" मास्तरांनी मान डावीकडं कलंडवली. कमरेच्या उंचीवरून कुणी काही सांगत असावं तशी. ऐकलं. मग म्हणाले, "नको म्हणतोय."

"कोण?"

"ज्याचं नाव आहे तो," मास्तर म्हणाले आणि पुढचं प्रूफ वाचायला लागले.

आणखी एकदा निघून गेल्यावर पाच मिनिटांनी ते परत आले. "एक मागं राहिला," एवढंच म्हणून सरळ कोपऱ्यातल्या कागदाच्या रिमांमागं गेले, वाकले, "चल, गाडी चुकेल," म्हणाले, आणि उजवा हात खाली सोडून, मूठ अर्धवट मिटून, हळूहळू चालत बाहेर पडले. लहान पोराच्या चालीनं. माझ्या बायकोनं त्यानंतर आठ दिवस त्या कोपऱ्यात केरसुणी फिरवली नाही. मीसुद्धा तिथला कागद काढताना आधी खाकरत होतो.

तुम्ही म्हणाल, असल्या माणसाचं काम कशाला घ्यायचं? खरं सांगतो, मला त्या वर्गाचा लळा लागला होता. पुढच्या पुस्तकात बाळ्यानं काय केलं हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं, हा मोठेपणा मला सोडवत नव्हता.

एकदा रविवारी एका लग्नपत्रिकेच्या कामानं कळंबला गेलो होतो. मास्तरांचं प्रूफ बरोबर होतं, म्हणून वस्तीवरच्या शाळेकडं वळलो. एकखणी शाळा, पत्र्याचं छप्पर, बाजूला उसाचे फड. ऊन मी म्हणत होतं. शाळेला सुट्टी, पण आतून आवाज येत होता. दारातून पाहिलं तर मास्तर फळ्यापाशी उभे राहून गोष्ट वाचत होते. समोर गोणपाटाच्या बसकरांच्या दोन रांगा मांडलेल्या. सगळी रिकामी.

ते एक वाक्य वाचत आणि थांबत. थांबून समोर बघत. सतरा पोरं खदखदून हसायला जेवढा वेळ लागतो, मोजून तेवढा वेळ. मग टेबलावर छडी आपटत, "बास! पुढं ऐका." मध्येच एका ठिकाणी थांबले आणि ती शांतता जरा लांबली. वर पत्रा उन्हानं तडतडला. मास्तरांनी पेन्सिल काढली. "इथं कुणी हसलं नाही," स्वतःशीच म्हणाले आणि ओळ खोडली.

माझा पाय निघेना आणि आतही जाववेना. तोच, मागं न बघता, मास्तर म्हणाले, "रघुनाथराव, उन्हात उभे राहू नका. चंदूच्या बसकरावर बसा. तो सुटायच्या वेळी येतो."

आता चंदूचं बसकर कुठलं हे मला कसं कळणार? मी अंदाजानं दाराजवळच्या एकावर टेकलो. मास्तर काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर असावं. पुढचं अर्धं पुस्तक मी पाठ ताठ करून ऐकलं. हसू येत होतं, पण हसायला धीर होईना. शेवटचं पान वाचून झालं, मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "उठा आता. आला तो."

मी एवढ्या वेगानं उठलो की टोपी तिथंच राहिली.

त्यांची पुस्तकं पुणे जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांत गेली होती. मुलं पत्रं पाठवत, छापखान्याच्या पत्त्यावर, कारण पाठीमागच्या पानावर तोच असायचा. बहुतेक पत्रांत एक प्रश्न हटकून असे: ही मुलं तिसरीत कधी जाणार? सहा पुस्तकं झाली तरी सगळी दुसरीतच. मास्तर प्रत्येक पत्राला उत्तर लिहीत, पण या प्रश्नाला नाही.

यातूनच माझ्या हातून ती चूक झाली. सातव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर खाली जागा उरत होती. नेहमीची वेलबुट्टी झिजली होती. मी म्हटलं, मुलं एवढं विचारतात, तर आपणच सांगून टाकावं. आणि स्वतःच्या मनानं एक ओळ जुळवली: 'आणि वर्षाच्या शेवटी सगळी मुले पास होऊन तिसरीत गेली.' पाचशे प्रती छापून मोकळा झालो.

शनिवारी मास्तर आले. पहिली प्रत हातात घेतली, वास घेतला, शेवटचं पान उघडलं आणि उभ्याचे खाली बसले.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. पान मोकळं दिसत होतं. तुम्हाला गंमत वाटेल म्हटलं."

"सगळी?"

"हो, सगळी. एखाद्याला नापास कशाला करायचं?"

मास्तरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता हे ओरडतील. पण आवाज अगदी खाली होता. "ती तिसरीत गेली नाहीत हो, रघुनाथराव."

त्यांनी एक ब्रश आणि शाईची डबी मागितली. जमिनीवर बसले आणि एकेक प्रत उघडून त्या ओळीवर काळी पट्टी ओढू लागले. पट्टी ओढायची, फुंकर घालायची, वाळली की पुस्तक मिटायचं. मी मधेमधे माफी मागत होतो, ते "असू दे, असू दे" म्हणत होते. थोड्या वेळानं मीही बसलो. मग बायको येऊन बसली. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं पाचशे पुस्तकांवर फुंकर घालत होतो. एवढं होऊनही ते मला टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर एका मुलाचं पत्र आलं: 'त्या काळ्या पट्टीखाली काय आहे ते कळवावे. आमच्या वर्गात पैज लागली आहे.'

दोन-तीन महिने गेले. एका शनिवारी दुपारी एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, कपाळ गोंदलेलं, पाय धुळीनं भरलेले. पदराखालून तिनं ते सातवं पुस्तक काढलं.

"छापखाना ह्योच का, भाऊ?"

"हो. या आजी, बसा."

"ह्ये बुक हितंच केलं का तुमी?"

"हो, इथलंच."

"मग गंग्या कुठं हाय?"

मला वाटलं, कुणाची तरी चौकशी करत चुकून आली. "कोण गंग्या, आजी?"

तिनं पुस्तक उघडलं आणि एका पानावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. बोट भलत्याच ओळीवर होतं. "ह्यात हाय न्हवं त्यो. मिरची चावनारा. मी कऱ्हाटीची, हौसाबाई माझं नाव. माझ्या पुतन्याची नात वसरीवर बसून वाचत व्हती. मी डाळ पाखडत व्हते. ऐकता ऐकता हातातलं सूप खाली पडलं बगा. डाव्या कानाची पाळी फाटलेली. 'र' म्हनता येत न्हाय, मास्तरला 'मास्तल' म्हनतो. भाऊ, ह्ये माझं पोर हाय."

"आजी, ती गोष्ट आहे. लिहिणाऱ्यानं मनानं लिहिलेली."

"मनात कुठनं आली?"

ती उंबऱ्याच्या आत येऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि शांतपणे सांगू लागली. अठरा साली मानमोडीची साथ आली तेव्हा तिचा गंगाराम दुसरीत होता. घरटी माणसं तापानं पडली. ही पण पडली. "धा-बारा दिस मला सुद न्हवती. उठून बसले तर म्हनाले, गंगाराम गेला. म्या बघितलंच न्हाय, भाऊ. मला कुनी दाखवलंच न्हाय. जित्ता बी न्हाय आन् मेलेला बी न्हाय. येवढी वर्सं म्या मानलं की गेला. आन् आता ह्ये बुक म्हनतंय त्यो दुसरीत हाय." तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. "मला त्या साळंचा पत्ता द्या."

मागं बायको पडदा हातात धरून उभी होती, तिनं तो सोडलाच नाही. मास्तरांची गाडी यायची वेळ झाली होती. म्हातारीला चहा द्यायला सांगून मी तसाच स्टँडकडं धावलो.

मास्तर गाडीतून उतरत होते. मी त्यांना पिंपळाच्या पाराशी नेलं आणि सगळं सांगितलं. ते पारावर बसले.

"हौसाकाकी? आहे अजून?"

मग पहिल्यांदा त्यांनी मला सांगितलं. कऱ्हाटीच्या त्या शाळेत त्यांचे वडील मास्तर होते. आई लहानपणीच गेलेली. ते स्वतः त्याच दुसरीच्या वर्गात होते. साथीत तेही पडले, पण उठले. शाळा पुन्हा उघडली तेव्हा वर्गात चौघंच उरले होते. "बाबा हजेरीपट उघडून सगळी नावं घ्यायचे. जुनी, सगळीच्या सगळी. बाळकृष्ण, म्हणायचे, आणि थांबायचे. चंद्रकांत. थांबायचे. गंगाराम. ते थांबणं मला सहन होईना हो. बाबा तिथंच अडकून पडतील असं वाटायचं. म्हणून एके दिवशी मी गंग्याच्या आवाजात म्हणालो, 'हजल, मास्तल!' बाबांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता मारतात. ते हसले. मग रडले. पण नाव पुढं सरकलं. दुसऱ्या दिवसापासनं मी सगळ्यांच्या आवाजात हजर म्हणायला लागलो. अजून म्हणतोय."

पाराजवळून एक छकडा खडखडत गेला. मास्तर उठले. "कळंबची गाडी परत केव्हा आहे?"

"मास्तर!"

"काय तोंड दाखवू तिला? तिचं पोर तिला न विचारता सात पुस्तकांत वापरलं. जगाला हसवलं. ती कुठं असेल असा विचारसुद्धा केला नाही. मला वाटायचं, ती पोरं आता फक्त माझीच राहिलीत."

मी म्हटलं, "ती शाळेचा पत्ता विचारतेय. तो मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे."

ते माझ्याबरोबर चालू लागले. वाटेत दोनदा थांबले, पण आले.

म्हातारी चहा न पिता बसली होती. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. "काकी, मी अनंता. खरसे मास्तरांचा मुलगा. पुस्तकं मी लिहितो." मग एक दम घेतला आणि तिच्याकडं सरळ बघत म्हणाले, "गंगाराम नाही, काकी. तो गेला. त्याच साथीत गेला. पुस्तकातला आहे तो मला आठवतो तेवढाच आहे."



"व्हय," म्हातारी म्हणाली. "गेला त्यो. मला ठावं हाय." तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "पर कुनी तरी असं डोळ्यांत बघून सांगावं लागतं रं, बाबा. तवा समदी खाली बघून बोलली."

मास्तर खाली बसले. तिच्या पायाशीच, शाईचे डाग पडलेल्या फरशीवर.

"मला येक सांग," ती म्हणाली. "त्यो साळंत असा व्हता? घरात तर मुका. आज काय केलं इचारलं की 'काय न्हाय' म्हनायचा. मला वाटायचं, पोर मठ्ठ हाय. त्यो येवढं हसवायचा?"

"हसवायचा म्हणजे? काकी, यात अर्धंसुद्धा आलेलं नाही."

आणि मास्तर सांगायला लागले. गंगारामनं बेडूक कसा दप्तरात आणला आणि प्रार्थनेच्या वेळी तो कसा ओरडला. मोठ्या मास्तरांच्या पगडीत चिमणीचं पिल्लू कसं ठेवलं. कविता म्हणताना त्याच्या तोंडात 'र' आला की सगळा वर्ग आधीच कसा वाट बघत बसायचा. मी यंत्राला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच परत पाठवलं. म्हातारी पदर तोंडात कोंबून हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती, आणि "आगं बया! आन् मंग?" म्हणून पुन्हा पुढं सरकत होती. मास्तर वाक्याशेवटी थांबतच नव्हते. थांबायची गरज नव्हती. ती त्यांच्या आधी हसत होती.

बऱ्याच वेळानं तिनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "अनंता मंजे बिनआईचा त्यो? मास्तराचा? मग दुसरी भाकरी तूच व्हय रं?"

"कसली भाकरी?"

"गंगाराम रोज दोन भाकऱ्या न्यायचा. म्या इचारायची, येवढंसं तुझं प्वाट, दोन कुठं घालतोस? तर म्हनायचा, भूक लागती. मग कळलं, येक दुसऱ्याच पोराला देतो."

मास्तर म्हणाले, "मला सांगायचा... आईला नको झालीय, ती फेकून देणार होती, म्हणून आणली."

"फेकून?" म्हातारी म्हणाली. "माझ्या घरात भाकरी फेकन्याची ऐपत व्हती व्हय रं? दुसरी व्हती ती माझ्या वाटची व्हती. पर त्याला सांगितलं न्हाय म्या. म्हनलं, खाऊ दे. कुनाचं का आसंना, लेकरू हाय."

मास्तर उठले आणि आमच्याकडं पाठ करून खिळ्यांच्या खणांपुढं उभे राहिले. बोटांना काही तरी करायला हवं म्हणून बाहेर पडलेले खिळे उचलून खणात टाकू लागले. सगळे चुकीच्या खणात. ते निस्तरायला मला नंतर दोन दिवस लागले. मध्येच त्यांनी हातानं गाल पुसले आणि शाईचा फराटा थेट कानापर्यंत गेला.

"चल," म्हातारी उठत म्हणाली. "घरी चल. जेवायला."

"काकी, मला उद्या..."

"उद्या ऐतवार हाय."

मी दोघांना स्टँडवर सोडायला गेलो. कऱ्हाटीकडं जाणारी गाडी लागलेली होती. उन्हं उतरली होती, बाजारच्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन चढत होत्या. म्हातारीनं मास्तरांना खिडकीपाशी बसवलं आणि आपण कडेला बसली. कंडक्टर आला. तिनं कमरेची चंची सोडली. "कऱ्हाटी. येक पुरं, येक अर्दं."

"अर्धं कुणाचं, आजी? पोर कुठाय?"

"ह्यो काय," ती मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली.

कंडक्टरनं मास्तरांच्या अर्ध्या पांढऱ्या मिशांकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं बघितलं. पुढच्या बाकावरची एक बाई फिसकन हसली. मास्तर हसले नाहीत आणि त्यांनी ती चूक दुरुस्तही केली नाही, एरवी एका वेलांटीसाठी माझ्याशी तासभर भांडणारा माणूस.

गाडी सुरू झाली. म्हातारीनं पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं, त्यांची हनुवटी डाव्या हातानं धरली आणि गालावरची शाई खसाखसा पुसायला लागली. शाई छापखान्याची, ती तशी निघत नाही. मास्तर डोळे मिटून, मान पुढं करून बसले होते.